कोंडीरामच्या हत्तीची मागची बाजू

आमच्या महाळुंग्यात लग्न ठरलं की आधी ब्राह्मणाकडे जात नसत, कोंडीरामकडे जात. मुहूर्त काय, पंचांगात ढिगानं पडलेले असतात. भिंतीवर हत्ती काढणारा माणूस मात्र चाकणपासून मारुंजीपर्यंत एकच होता, आणि त्याला सवड असेल तेव्हाच लग्न करावं लागे. घराची दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी करायची, दाराच्या एका अंगाला भालदार-चोपदार उभे करायचे आणि दुसऱ्या अंगाला, पार कोपऱ्यापर्यंत, दाराकडे तोंड केलेला हत्ती. व्याही आला की त्यानं आधी हत्तीला हळदकुंकू लावायचं, मग पाय धुवून घ्यायचे. हत्ती नसलेल्या दारातून नवरी निघाली तर लोक म्हणत, पळून गेली असेल.

कोंडीराम धंद्यानं चितारी नव्हता. ओढ्याकाठी जमिनीचा तुकडा होता, त्यात तो कांदा करायचा. कांदा निघाला की लग्नसराई लागायची, म्हणजे बाराही महिने हात भरलेला. लहानपणी शाळेच्या भिंतीवर कोळशानं राक्षस काढला म्हणून गुरुजींनी त्याला बदडून काढला होता. पुढं त्याच गुरुजींच्या मुलीच्या लग्नात त्यानं हत्ती काढला, तेव्हा गुरुजी चारचौघांत म्हणाले, "ह्याच्या हातात कला आहे हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं." आमच्या गावात गुणाची कदर होते, नाही असं नाही. फक्त आधी वळ उठतात.

हत्ती कोंडीरामनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आम्हीही कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे कामात अडचण येत नसे. तोंडाचा प्रश्न गणपतीनं सोडवला होता. पण गणपतीच्या मुंडक्याखाली देवाचं पोट आणि दोन पाय, तिथून पुढं हत्ती संपतो. चाकणच्या वाण्याच्या दुकानात गजलक्ष्मीचं कॅलेंडर होतं. तिथंही दोन्ही बाजूंचे हत्ती चौकटीनं कमरेपासून कापलेले. हत्तीला मागचा अर्धा भाग असतो कसा, हे कुठल्याच देवानं सांगून ठेवलेलं नव्हतं.

अपवाद एकच, लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला भिमाजी. कोंडीरामनं त्याला गाठून विचारलं, "भिमाजीभाऊ, तिकडं हत्ती बघितला आसंल की?"

"बघितला की. अंगावरच आला व्हता."

"मागनं कसा दिसतो?"

"ते त्याला इचार," भिमाजी म्हणाला. "मागची बाजू त्यानं माजी बघितली, म्या त्याची न्हाई."

मग अडलं तिथं कोंडीरामनं घरचं सामान वापरलं. कान न्हाणीमागच्या अळूच्या पानांवरून घेतले. सोंड विहिरीवरच्या मोटेची. कातड्याची ती लांब नळी पाणी ओतताना जशी लवते तशीच त्याच्या हत्तीची सोंड लवायची. पाय म्हणजे शेजारच्या गवराबाईच्या ओट्यावरचे रांजण. अंगाचा रंग धुण्याच्या निळीचा, चांगला गडद. डोळे मात्र लांब पापण्यांचे, काजळ घातलेले आणि जरा रागावलेले. ते त्याच्या बायकोचे, ठकुबाईचे होते. ही गोष्ट सगळ्या गावाला दिसत होती, पण ठकुबाईला सांगायची कुणाची छाती नव्हती. आणि मागचा अर्धा भाग तिच्याच म्हशीचा, शेपटीसकट.

बाकीचा हत्ती गावानं काढून घेतला. मालोजी पाटलांनी पहिल्यांदा मोडता घातला. "खूर न्हाईत? पाटलाच्या दारात अनवाणी हत्ती?" म्हणून खूर आले, खुरांना नाल आले. पाटलांचे चुलतभाऊ सोपानराव. पाटलांच्या हत्तीला नाल म्हटल्यावर त्यांनी आपल्या हत्तीला घोड्याची आयाळ मागितली, मानेवरून कुरळी, पोटापर्यंत. यशोदाबाई म्हणाली, "माजी व्याहीमंडळी तुसडी हायती, हत्ती तरी हसता पायजे." तेव्हापासून सुळे वेगळे आणि आत बत्तीस पांढरेशुभ्र दात वेगळे. पिंपरीला नवी कंपनी निघाली आणि आमचा मुरारी तिथं लागला. त्याच्या बहिणीच्या लग्नात हत्तीनं पुढच्या डाव्या पायात मनगटी घड्याळ घातलं. घड्याळात काटे मुहूर्तावर लावलेले असत. वऱ्हाड, भटजी, वाजंत्री सगळे हमखास उशिरा, मांडवात वेळेवर हजर एकटा हत्तीच.

एकदा आलेली वस्तू परत जात नसे. त्यांच्या हत्तीला घड्याळ आणि आमच्या का नाही, ह्या एका वाक्यावर आमच्या पंचक्रोशीतली चित्रकला उभी होती.

पुण्याचे एक ड्रॉइंग मास्तर पाटलांकडच्या लग्नाला आले होते. धोतराचा सोगा हातात धरून ते हत्तीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी मंडळींना हत्ती समजावून सांगितला. आयाळीत इराणी छटा आहे म्हणाले. खूर मध्य आशियातून आलेले. हास्य बहुधा ग्रीक. मालोजी पाटील, ज्यांनी खूर स्वतः मागून घेतले होते, गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत होते. दुसऱ्या दिवसापासून ते सांगू लागले, आमच्या दारात इराण आहे. कोंडीरामनं मात्र हळूच विचारलं, "मास्तर, मागची बाजू बराबर हाय का?"

मास्तर म्हणाले, "मागच्या बाजूवर अजून संशोधन झालेलं नाही."

कोंडीरामला नेमकं तेच टोचत होतं. एवढा नावाजलेला माणूस, पण बांधावर बसला की म्हशीच्या पाठीमागं टक लावून बघत राहायचा आणि उसासा टाकायचा. मला एकदा म्हणाला, "फुडला हत्ती देवानं दावला, मधला गावानं सांगितला. मागला मातर म्या चोरलाय, भावा. एकडाव खऱ्या हत्तीची मागली बाजू बघायला मिळू दे, मग मेलो तरी चालंल." मी त्याला हसलो. माणसं काशीला जायची इच्छा धरतात, हा हत्तीच्या मागं जायची धरून बसला होता.

त्या साली नाशिकला सिंहस्थ होता. चैत्र संपता संपता बैराग्यांचा एक जथा पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं पायी निघाला आणि चाकणला बाजारतळाच्या कडेला वडाखाली उतरला. त्यांच्याबरोबर हत्ती होता. बातमी आली आणि अख्खं महाळुंगे गाड्या जुंपून चाकणला लोटलं. नवीन काही बघायला नाही; हत्ती आम्हाला चांगला ठाऊक होता. ह्यांचा बरोबर आहे का, एवढंच तपासायचं होतं.

तो बरोबर नव्हता.

"खूर झिजल्यात वाटतं," मालोजी पाटील खाली वाकून म्हणाले.

"आयाळ भादरली आसंल, उन्हाळ्याचं," सोपानराव म्हणाले.

"हसंना की मेला," यशोदाबाई म्हणाली. मुरारीनं वाकून पुढचा डावा पाय तेवढा तपासून घेतला.

शेवटी पाटलांनी माहुताला विचारलं, "बाबा, हे पूर्ण वाढलंय का अजून लहान हाय?"

"साठ साल का है," माहूत म्हणाला.

"साठ वर्सं झाली आन् रंग बी धरला न्हाई," पाटील हळहळले. "फसवलं तुमाला कुनीतरी." तरी त्यांनी मोठ्या मनानं हत्तीला गुळाची ढेप चारली. परतताना गाडीत सर्वानुमते ठरलं की त्या बाजूचे हत्ती असेच असायचे, पाण्याचा गुण असतो. महाळुंग्याची जातच वेगळी.

ह्या सगळ्यात कोंडीराम नव्हता. तो हत्तीच्या मागं उभा होता. गर्दीच्या रेट्यानं मीही तिकडे ढकलला गेलो, म्हणून हे सांगू शकतो. सगळे दर्शनाला पुढून लागलेले, मागं फक्त कोंडीराम आणि त्याची एकुलती लेक कुशा. वैशाखात तिचं लग्न मारुंजीच्या सयाजीच्या मुलाशी ठरलेलं होतं. कोंडीराम डोळे फाडून बघत होता. कातडं मांड्यांवरून सैल सुरवारीसारखं चुण्या पडत खाली आलेलं. गुडघा म्हशीसारखा मागं नाही, आपल्या गुडघ्यासारखा पुढं वाकणारा. आणि एवढ्या थोर देहाला शेपटी इवलीशी, टोकाला थोडे राठ केस. कुशानं धीर करून त्या केसांना बोट लावलं.

"दादा," ती बापाला म्हणाली, "तुमच्या कुंच्यागत लागतंय."

कोंडीरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "इतकी वर्सं," तो म्हणाला, "इतकी वर्सं लोकांच्या पोरी म्या म्हशीच्या दारातनं सासरी धाडल्या, कुशे."

घरी परतल्यावर त्यानं ठरवून टाकलं. लोकांच्या भिंतीवर लोकांचा हत्ती, ठीक आहे. ही भिंत आपली आहे आणि लेकही आपली आहे. कुशाच्या लग्नाला खरा हत्ती. त्यानं निळीला हात लावला नाही. चुलीतली राख चाळून घेतली, तिच्यात डिंकाचं पाणी आणि थोडा कोळसा घातला, शिंदीच्या काडीचा कुंचा ठेचून घेतला आणि दार लावून न घेता, सगळ्यांदेखत, हत्ती काढला.

खोटं कशाला सांगू, तो पुरा झाला तेव्हा मी दोनदा घरी जायला निघालो आणि दोनदा परत येऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. तो हत्ती लांबून चालून आल्यामुळे दमलेला होता. कातड्याला वजन होतं. डोळे बारीक, सुरकुत्यांत बुडालेले, कुणाकडे न बघणारे. आमच्या गावात त्याआधी आणि त्यानंतर इतकं चांगलं काही झालेलं नाही, आणि मी साखर कारखान्याची सभा धरून बोलतोय.

गावाला तो आवडला नाही. "डुक्कर मोठं काढलंयस," सोपानराव म्हणाले. ठकुबाईनं तर पदर कमरेला खोचून भिंतीपुढेच तोंड सोडलं. "लोकांच्या पोरींना नाल आन् घड्याळ, आन् माज्या पोरीच्या दारात चुलीची राख? शोभतं व्हय?" त्या बारीक डोळ्यांकडे बघून ती जास्तच चिडली. भिंतीवरून आपलं काहीतरी गेलंय असं तिला वाटत होतं, काय ते तिलाही सांगता येईना.

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर मारुंजीचं वऱ्हाड आलं. नवरदेव मारुतीच्या देवळात बसला आणि सयाजी, म्हणजे कोंडीरामचा व्याही, रीतीप्रमाणे हत्ती बघायला पुढं निघाला. ह्या सयाजीनं सोयरीक जुळवताना देण्याघेण्याचं अक्षर काढलं नव्हतं. एकच बोलला होता, हत्ती दणक्यात पाहिजे. कोंडीरामनं हत्ती काढलेल्या कुणा परक्या पोरीची नव्हे, खुद्द कोंडीरामच्या लेकीची वरात आपल्या दारी येणार, हे सांगत तो अर्धी मारुंजी बरोबर घेऊन आला होता. कुंकवाचं बोट उचलून तो भिंतीपाशी आला आणि बोट तसंच हवेत राहिलं.

"व्याही, हे काय?"

"हत्ती."

"आसला?"

"खरा हाय. चाकणला डोळ्यांनी बघून काढलाय."

सयाजीचा चेहरा पडला. आता सांगतो, तो माणूस वाईट नव्हता. चारचौघांत त्याची मान खाली गेली होती. "खरा बघायचा आसता तर आमी नाशकाला गेलो आसतो," तो म्हणाला. "एवढी गाडीभर माणसं घेऊन कशाला आलो? कोंडीरामचा हत्ती बघायला. तो समद्यांच्या दारात हाय, आन् आमच्याच वाट्याला न्हाई?" आणि तो वळला, जाऊन मारुतीच्या पारावर बसला. तिथून निरोप आला: हत्ती उभा राहील तेव्हा नवरा उठेल.

गोरज मुहूर्त जवळ येत होता. वाजंत्री थांबले. मालोजी पाटील कोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोन खूर मार की राव. खरे ठोकायचेत व्हय?" ठकुबाई ओट्यावर बसून रडत होती. आणि कोंडीराम भिंतीला पाठ लावून उभा, हात मागं भिंतीवर पसरलेले, कुणी ओरबाडून न्यायला आल्यासारखा. मला त्याचा राग आला. पोरगी हळद लावून बसलीय आणि हा बाबा राखेला कवटाळून उभा. मग त्याचं तोंड पाहिलं आणि राग कुठल्या कुठं गेला. आयुष्यात त्यानं एकदाच मनाचं काहीतरी केलं होतं.

तेव्हा दारातून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि हातात निळीची वाटी. कुशा उंबऱ्याच्या आतच होती. बापाला ऐकू जाईल एवढंच बोलली.

"काढा, दादा. फुडलंच बघत्यात समदी."

कोंडीरामनं तिच्याकडे पाहिलं. मग मांडवाकडे पाहिलं. मांडवाची मेढ, आंब्याचे टहाळे आणि वऱ्हाडासाठी पाणी भरून ठेवलेले गवराबाईचे रांजण, हे सगळं भिंतीच्या कोपऱ्याकडे मांडलेलं होतं, म्हणजे हत्तीच्या बरोबर मागच्या अर्ध्या अंगापुढे. त्यानं वाटी घेतली. पुढच्या पायांना खूर काढले, खुरांना नाल काढले. आयाळ कुरळी केली. बत्तीसच्या बत्तीस दात भरले. घड्याळ बांधलं. बारीक डोळ्यांवर लांब पापण्या चढवल्या, काजळ घातलं आणि थोडा राग भरला. लोक मागून ओरडून चुका सांगत होते आणि तो निमूट दुरुस्त करत होता. पोटापर्यंत निळा आला आणि तिथं कुंचा थांबला. त्यापलीकडे रांजण होते.

"हां! आता कसा हत्तीसारखा हत्ती झाला," सयाजी म्हणाला आणि त्यानं मन भरून कुंकू लावलं. ठकुबाईनं डोळे पुसून हत्तीकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मारुंजीकरांनी हत्तीपुढे उभं राहून आपसांत दात मोजले. कोंडीराम सगळ्यांना वाढत फिरला, हसला नाही आणि रडलाही नाही.

नवरी निघताना हत्तीच्या कपाळाला हळदकुंकू लावून गाडीत बसते. बायकांनी ताट कुशाच्या हातात दिलं. ती हत्तीपुढे आली, आणि न थांबता त्याच्या अंगावरून पुढं गेली. शालू सावरून दोन रांजणांच्या फटीतून आत शिरली, वाकली, आणि भिंतीच्या कोपऱ्यातल्या त्या राखाडी मागच्या पायाला तिनं हळदकुंकू लावलं. मग शेपटीच्या टोकाच्या केसांना एक बोट.

 सयाजीला वाटलं, ही महाळुंग्याची रीत असेल. आमच्या मंडळींना वाटलं, मारुंजीची असेल. दुसऱ्याची रीत माहीत नाही हे कबूल करायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडीराम तेवढा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बायका म्हणाल्या, बापाचं काळीज, लेक निघाली. लोकांचं खरंच असतं, पण अर्धंच.

पुढच्या लग्नसराईत मारुंजीच्या एका नवरीनं तेच केलं. मग आमच्या पाटलांच्या पुतणीनं केलं, कारण मारुंजीकर करतात आणि आपण नाही म्हणजे काय. वर्षभरात चाकणपर्यंत एकही नवरी हत्तीच्या मागच्या पायाला हळदकुंकू न लावता गाडीत बसेना. म्हाताऱ्या सांगू लागल्या की आमच्याही लग्नात लावलं होतं. आता रांजण बाजूला ठेवायला लागले आणि यजमान कोंडीरामला बजावू लागले, "मागची बाजू सयाजीच्या सुनंच्या लग्नात व्हती तशीच काढ, जरा बी फरक नगं." त्यामुळे आमच्या भागातला हत्ती पोटापर्यंत निळा, हसरा, नाल मारलेला आणि घड्याळ घातलेला असतो, आणि तिथून मागं खरा असतो. कोंडीराम पुढचा अर्धा भाग गप्पा मारत काढायचा. मागच्याला लागला की त्याच्याशी कुणी बोलत नसे.

ड्रॉइंग मास्तर पुन्हा एकदा लग्नाला आले. त्यांनी मागची बाजू पाहिली आणि धोतराचा सोगाच हातातून सोडला. हा भाग फार प्राचीन आहे म्हणाले. पुढचा नंतर जोडलेला. मालोजी पाटलांनी दुजोरा दिला, "आमच्या पंज्यापासनं हाय हे."

"पण याचं मूळ कुठं असेल?" मास्तरांनी कोंडीरामला विचारलं. "ही प्रेरणा आली कुठून?"

कोंडीराम वाटीत कुंचा धूत होता. तो म्हणाला, "मारुंजीला असती. तिकडं दिलीया."

मास्तरांनी मारुंजी हे नाव टिपून घेतलं. ते पुढं पुण्यात सांगत फिरले की मारुंजी हे ह्या कलेचं मूळ ठाणं आहे. ग्रीक आणि इराणी सगळं सोडून देऊ, पण एवढी एक गोष्ट मात्र मास्तर बरोबर बोलले.